२४ माग, ५० टक्के: सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला तेव्हा एका टॉवेल कारखान्याचं काय झालं, त्याची ही नोंद. ती एप्रिल ते डिसेंबर २०२५ या काळातली आहे. कारखान्याचा हिशेब आणि कर-कागद माझ्याकडे असल्यामुळे बऱ्याच बैठकांना मी समोर होते. ओळख पटू नये म्हणून माणसांची नावं दिलेली नाहीत आणि कारखान्याचे काही तपशील बदलले आहेत. करांचे दर, तारखा आणि सरकारी निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात घरटी कुणी ना कुणी सुताशी बांधलेलं असतं. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं पिढ्यान् पिढ्या इथे आहेत. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. चादरीचं नाव मोठं असलं तरी परदेशी जातो तो मुख्यतः टॉवेल.

आपला कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीतला. २४ माग, दोन पाळ्या. एक विणकर दोन माग सांभाळतो, म्हणजे २४ विणकर. त्यात जॉबर (मागांची जुळणी-दुरुस्ती पाहणारा), कांडी भरणारे, कटिंग, शिलाई, घडी, पॅकिंग धरून ४६ माणसं. पैकी ३१ जणांची नावं मस्टरवर, म्हणजे कारखान्याच्या अधिकृत हजेरीपटावर. उरलेल्या १५ बायका, १२ शिलाईला आणि ३ पॅकिंगला, नगावर काम करणाऱ्या. त्यांची नोंद एका वहीत, शनिवारी रोख हिशेब. असं का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पूर्वीपासून तसंच चालत आलेलं.

माल निघायचा तो बहुतेक अमेरिकेसाठी. पांढरा, जाड, हॉटेलचा टॉवेल, डझनाला १४ पौंड वजनाचा. पण मालक स्वतः निर्यातदार नाहीत. माल मुंबईचा निर्यातदार घ्यायचा, तो अमेरिकेतल्या आयातदाराला द्यायचा, आयातदार हॉटेलांना. मालकांचं बिल रुपयांत, बँकेचं खातं साधं कॅश क्रेडिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं. साखळीतली ही जागा लक्षात ठेवावी, पुढे सगळं तिच्यावरच आलं.

महिन्याला दोन कंटेनर जायचे. एका कंटेनरमध्ये सुमारे ९ टन माल. दहा-बारा दिवस सगळे माग चालले की एक कंटेनर भरतो.

मे ते जुलै: तेजी वाटली, ती घाई होती

२ एप्रिलला अमेरिकेने देशोदेशींच्या मालावर नवे कर जाहीर केले. ५ एप्रिलपासून सगळ्यांना सरसकट १० टक्के लागले आणि देशनिहाय वाढीव दर ९ एप्रिलला ९० दिवसांसाठी थांबवले. टेरी टॉवेलवर अमेरिकेत मुळातच ९.१ टक्के आयात कर आहे. म्हणजे भारतीय टॉवेल १९.१ वर आला. तेवढं निभावलं.

मग मागणी वाढली. थांबवलेला कर लागू होण्याआधी गोदामं भरून घ्यायची, असा तिकडच्या आयातदारांचा हिशेब होता. दोनाचे जवळजवळ तीन कंटेनर झाले. मालकांनी शिलाईला आणखी बायका घेतल्या, एरवी वीस दिवसांचं सूत ठेवायचे ते दोन महिन्यांचं उचललं, तेही उधारीवर.

पहिला चुकलेला निर्णय हा. जूनचा माल म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची मागणी आधीच उचललेली होती. विक्रीचा आकडा माझ्यासमोर होता. "ही मागणी कुणाची आहे, पुढच्या महिन्यांतली की खरोखर नवी?" एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. वाढलेला आकडा पाहून सगळ्यांना बरं वाटलं, मलाही.

अडचण

३१ जुलैच्या आदेशाने भारतावर २५ टक्के कर बसला, ७ ऑगस्टपासून. तो लागू होण्याच्या आदल्या दिवशी, ६ ऑगस्टला, रशियाचं तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्क्यांचा आदेश निघाला, २७ ऑगस्टपासून. पाकिस्तानवर १९ टक्के, बांगलादेश आणि व्हिएतनामवर २०, तुर्कस्तानवर १५.

कर भरतो अमेरिकेतला आयातदार, मग आपल्याला काय, असं मागावरच्या एका पोराने विचारलं होतं. प्रश्न चांगला होता. त्याला जो हिशेब फळ्यावर करून दाखवला, तोच इथे देते. धरून चालू की टॉवेल मुंबई बंदरावर २.४० डॉलरला पडतो. जुलैपर्यंत त्यावर अमेरिकेत ४६ सेंट कर लागत होता. पहिल्या २५ टक्क्यांनी तो ८२ सेंट झाला. दुसऱ्या २५ टक्क्यांनी, म्हणजे एकूण ५९.१ टक्क्यांनी, १ डॉलर ४२ सेंट. तेवढ्याच किमतीचा पाकिस्तानी टॉवेल ६७ सेंट कर भरून आत जात होता.

पहिल्या टप्प्यात आपल्यात आणि कराचीच्या मालात फरक १५ सेंटांचा, म्हणजे तेरा रुपयांच्या आत. थोडं आयातदाराने सोसलं, थोडं निर्यातदाराने, थोडं कारखान्याने, तर सौदा टिकतो. दुसऱ्या टप्प्यात फरक ७५ सेंटांच्या घरात, ६५ रुपये. टॉवेलची सगळी किंमतच २११ रुपये आणि त्यात कारखान्याला सुटतात दहा-बारा. सूत फुकट मिळालं असतं तरच ६५ रुपये सोडता आले असते.

म्हणजे पहिल्या २५ टक्क्यांवर भावाची बोलणी होऊ शकत होती, दुसऱ्यांवर बोलायलाच काही उरत नव्हतं. हा फरक ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ओळखला असता तर पुढचा महिना वाचला असता.

रथाच्या दिवशीचा फोन

९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. सोलापुरात त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि पूर्व भागातले माग बंद असतात. त्या दुपारी निर्यातदाराचा फोन आला: २७ ऑगस्टच्या आत माल जहाजावर चढला तर नवा कर लागत नाही, काहीही करून कंटेनर काढा.

मालक मिरवणुकीतून परत आले आणि जॉबर अण्णांना म्हणाले, "अण्णा, आज रात्री पाळी लावता येईल का?" रथाच्या दिवशी रात्री माग चालल्याचं अण्णांना आठवत नव्हतं. तरी रात्री अकराला १४ माग सुरू झाले. पुढचे नऊ दिवस बारा-बारा तासांची पाळी चालली. शिलाईच्या बायका पोरांना शेजारी ठेवून रात्री नऊपर्यंत बसल्या. कंटेनर १९ ऑगस्टला निघाला, २३ तारखेला जहाजावर चढला. सगळ्यांना वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. आदेशातली अट दोन भागांची होती. माल २७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला असावा, हा पहिला भाग. आणि १७ सप्टेंबरपूर्वी तो अमेरिकेत दाखल होऊन सीमाशुल्काची नोंद झालेली असावी, हा दुसरा. तांबड्या समुद्रातल्या धोक्यामुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. न्हावा शेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला महिन्याहून जास्त लागत होता. २३ ऑगस्टला निघालेलं जहाज १७ सप्टेंबरपूर्वी पोचणं शक्यच नव्हतं. फोन आला त्या ९ तारखेलाही उशीर झालेलाच होता.

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत पहिलाच भाग फिरत होता. मीही तोच वाचला आणि मालकांना "हो, बरोबर आहे" म्हणून सांगितलं. मूळ आदेश त्याच दिवशी उघडून वाचता आला असता, थोडक्या पानांचा मजकूर होता. त्या नऊ रात्रींचा विचार मनात आला की मला अजून वाईट वाटतं.

कंटेनर सप्टेंबरअखेर पोचला आणि त्यावर पूर्ण ५९.१ टक्के लागले. आयातदाराने निर्यातदाराच्या बिलातून रक्कम कापली, निर्यातदाराने आमच्या बिलातून १२ टक्के. कर वाढला तर तो कुणी सोसायचा, याबद्दल कुठल्याच कागदावर एक ओळ नव्हती. मग जो शेवटी उभा, त्याच्या बिलातून कापायचं, हाच रिवाज.

समोरचे पर्याय

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. कारखान्यातल्या गणपतीची आरती झाली आणि त्याच मांडवात बैठक बसली: मालक, त्यांचा भाऊ, जॉबर अण्णा, मी. शिलाईच्या अक्कांना बोलावलं नव्हतं. प्रसादाचं ताट घेऊन त्या आल्या आणि मागे उभ्या राहिल्या.

भाव उतरवून अमेरिकेचा माल चालू ठेवायचा, हा पर्याय वरच्या हिशेबाने पाच मिनिटांत बाद झाला. माल विणून साठवायचा आणि कर उतरायची वाट पाहायची, असं मालकांच्या भावाचं म्हणणं होतं. त्यासाठी भांडवल लागतं आणि सुताची उधारी आधीच डोक्यावर होती.

आखाताचा बाजार होता. संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ पासून करार आहे, तिथे आपल्या टॉवेलवर कर नाही. पण तिथल्या व्यापाऱ्याला हलका, रंगीत, कमी भावाचा माल लागतो आणि तो देणारे सोलापुरात आधीच बरेच आहेत. ब्रिटनशी करार २४ जुलैला सह्या होऊन झाला होता, अंमलात आलेला नव्हता. त्यावर सप्टेंबरचा पगार निघत नाही.

राहिला देशातला बाजार. ऐकायला सोपं, पण मागावर तसं नसतं. टेरीच्या मागावर दोन बीम (उभा ताणा गुंडाळलेले रूळ) असतात, एक जमिनीचा, म्हणजे पायाच्या विणीचा, आणि एक वरच्या कळ्यांचा, म्हणजे फुगीर फासांचा. हॉटेलचा जाड माल सोडून घरगुती रंगीत टॉवेल घ्यायचा तर दोन्ही उतरवायचे, रंगवलेल्या सुताचे नवे चढवायचे, डॉबीची (मागावरच्या नक्षी पाडणाऱ्या यंत्राची) नक्षी बदलायची, हजारो धागे एकेक करून जोडायचे. त्या दिवसांत माग बंद आणि विणकराची मजुरीही बंद, कारण मजुरी मालावर. त्यात साठवलेलं सगळं सूत पांढरं. ते रंगवून आणायचं तर किलोमागे वेगळा खर्च.

शेवटचा पर्याय माणसं कमी करण्याचा. ५० किंवा जास्त कामगार असतील तर काम नसलेल्या दिवसांची निम्मी मजुरी भरपाई म्हणून देणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे ४६. भरपाई देणं कायद्याने लागत नव्हतं.

हे बोलणं चालू असताना मागे उभ्या अक्का म्हणाल्या, "मालक, कर तिकडच्या सरकारनं लावला. मग आमचं काम पहिलं का बंद?" मालक म्हणाले, "अक्का, बंद नाही, थोडे दिवस कमी." पण पहिलं त्यांचंच काम बंद झालं.

काय केलं

८ सप्टेंबरपासून रात्रपाळी बंद केली. विणकर कमी करण्याऐवजी आठवड्याआड काम द्यायचं ठरलं. ही सूचना जॉबर अण्णांची, आणि या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. चार हजारांच्या आसपासचा आठवडा एकाआड एक मिळू लागला. घर चालत नाही तेवढ्यात, पण माणूस गाव सोडून जात नाही. विणकर एकदा भिवंडीला किंवा इचलकरंजीला गेला की परत येत नाही, हे सोलापूरला चांगलं ठाऊक आहे.

आठ माग घरगुती रंगीत टॉवेलवर वळवले. पहिल्या दोन बीममध्ये बराच माल दुय्यम निघाला, तो मंगळवार बाजारात किलोवर गेला. दसऱ्यानंतर हात बसला. पुणे आणि हैदराबादचे दोन घाऊक व्यापारी मिळाले, पण उधारी ९० दिवसांची. निर्यातदार ३० दिवसांत पैसे द्यायचा.

याच काळात केंद्राने कापसावरचा ११ टक्के आयात कर १९ ऑगस्टपासून काढला, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हा हेतू. आमच्याकडे दोन महिन्यांचं सूत जुन्या भावाचं पडून होतं, त्यामुळे फायदा हाती लागायला नोव्हेंबर उजाडला. आमच्या एका विणकराच्या भावाचं धाराशिव जिल्ह्यात चार एकर कापसाचं रान आहे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. एक भाऊ मागावर, एक रानात, आणि एकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या मालाचा भाव पाडते, हे त्यांच्या घरात जेवताना बोललं जात होतं. ते धोरण ठरवणाऱ्यांच्या कानावर जायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये निर्यातदारांसाठी मदत आली. १२ तारखेला २०,००० कोटींच्या पतहमी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, १४ तारखेला रिझर्व्ह बँकेची सवलत: १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमधले कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा. मी कागद घेऊन बँकेत गेले. रिझर्व्ह बँकेच्या सवलतीची अट अशी की ३१ ऑगस्टला खात्यावर निर्यात कर्ज बाकी असलं पाहिजे. आमचं कॅश क्रेडिट साधं. माल अमेरिकेला जातो, फटका अमेरिकेच्या करानेच बसला, पण आम्ही कागदोपत्री निर्यातदार नव्हतो. बँकेतल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं. त्यांच्या हातात काही नव्हतं.

परिणाम

डिसेंबरअखेर कारखान्यात ३३ माणसं होती. गेलेल्या १३ जणांत ४ विणकर आणि ९ शिलाई-पॅकिंगच्या बायका. विणकरांची नावं मस्टरवर असल्याने ईएसआयची (कामगार राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना त्यांना लागू होत होती, काम गेल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मे. चौघांपैकी दोघांनी अर्ज केला, एकाच्या खात्यात पैसे आले. नऊ बायकांना अर्ज करायलाच जागा नव्हती. त्यांनी इथे काम केलं याचा पुरावा म्हणजे ती शनिवारची वही. पाच जणी विडीकडे वळल्या. दोघी धुणीभांडी करतात. दोघींचा ठावठिकाणा मला माहीत नाही.

दिवाळीचा बोनस ८.३३ टक्के दिला, दोन हप्त्यांत. वहीतल्या बायकांना बोनस द्यायची पद्धत नव्हती. मालकांनी प्रत्येकीला एक साडी आणि हजार रुपये दिले. त्यांनी मनापासून दिले, हे मी पाहिलं आहे.

कारखाना तोट्यात गेला, बुडाला नाही. १४ माग एका पाळीत चालतात. डिसेंबरमध्ये डॉलर ९० रुपयांच्या वर गेला तेव्हा निर्यातदाराचा फोन आला होता, पण रुपया थोडा घसरून ६५ रुपयांचा फरक भरून निघत नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

मे महिन्यात वाढीव मागणीचे पैसे सुतात न गुंतवता बाजूला ठेवता आले असते. तेवढ्यात दोन महिन्यांची मजुरी निघाली असती. हिशेब ठेवणारी म्हणून ही जबाबदारी माझी होती.

निर्यातदाराशी करारात एक ओळ हवी होती: माल कारखान्यातून निघाल्यानंतर वाढलेला कर कारखान्याच्या बिलातून कापला जाणार नाही. लहान कारखानदाराचं कोण ऐकतो, असं मालक म्हणतात. मे-जूनमध्ये निर्यातदार रोज फोन करत होता, तेव्हा ऐकलं असतं.

निर्यातदाराला दिलेल्या मालाची साखळी कागदावर बांधता आली असती. निर्यातदाराकडून पुरवठ्याचा पुरावा घेऊन बँकेकडे निर्यातीशी जोडलेलं कर्ज मागायला हवं होतं. आम्ही कधी मागितलंच नाही, कारण साधं खातं सोपं होतं. पण सरकारलाही हे दिसायला हवं. सोलापूरचे, पानिपतचे, करूरचे असे कितीतरी कारखाने दुसऱ्याच्या नावावर निर्यात करतात. मदत फक्त निर्यातदाराच्या खात्याला लागून आली तर ती मागापर्यंत पोचत नाही.

आणि मस्टर. १५ नावं आधीपासून मस्टरवर असती तर ईएसआयच्या वर्गणीचा खर्च वाढला असता, हे खरं. पण ती १५ नावं वहीतच राहिल्यामुळे कारखान्याची कामगारसंख्या बाहेरून ३१ च दिसत होती आणि आतून ४६ होती. काम गेलं तेव्हा मधल्या पंधरा जणींसाठी ना कायदा होता, ना योजना, ना बोनस. रथाच्या रात्रीनंतर नऊ दिवस रात्री उशिरापर्यंत बसलेल्या त्याच होत्या.

राहिलेल्या सहा जणींची नावं १ डिसेंबरपासून मस्टरवर आली, अक्कांचं त्यात पहिलं. गेलेल्यांपैकी दोघींना निरोप पाठवला होता. एकीने सांगितलं, संक्रांतीनंतर बघू. दुसरीने विडी कारखान्याचं पान-तंबाखू उचललं आहे. तिने मला विचारलं, "मॅडम, नाव लागलं म्हणता, ते कार्ड हातात देणार का?" ते ईएसआयचं कार्ड तिला दाखवायला मी अक्कांकडून मागून घेतलं आहे.